वरच्या खोलीतली भाडेकरू

चिप्सच्या चार गरम पुड्या छातीशी धरून मी स्टुडिओच्या पायऱ्या उतरत होते, आणि खाली माझी आई हसत होती.

आई तिथं असायचं काहीच कारण नव्हतं. शनिवारची दुपार होती, ती घरी सोमवारचे कपडे इस्त्री करत असणार. पण आवाज तिचाच होता. "भाडेकरू! मी भाडेकरू!" आणि मग ते हसू, तोंडावर पदर धरून हसल्यासारखं. क्षणभर थांबून पुन्हा तेच. "भाडेकरू! मी भाडेकरू!" पुन्हा हसू. मी दार ढकललं.

गालिच्यांच्या दुकानाखालचं ते तळघर. स्टुडिओवाल्या हॉबडेच्या मोठ्या टेप मशीनमधून चार-पाच फुटांची एक फीत बाहेर येत होती, टेबलावरच्या दुधाच्या रिकाम्या बाटलीला वळसा घालून परत मशीनमध्ये शिरत होती. दोन्ही टोकं चिकटवून तिचं कडं केलेलं होतं. ते फिरत होतं आणि दर फेरीला दोन्ही स्पीकरांतून आई हसत होती. त्या हसण्यावर बरोब्बर ठेका धरून ट्रेव्हर मांडीवर काठ्या आपटत होता.

"कॅरन, ऐक!" कॉलिन ओरडला. "गाणं झालं! ऐक फक्त!"

कॅरन म्हणजे मी. करुणा ओहोळ, मूळ गाव अहमदनगर. नवव्या वर्षी आईचं बोट धरून लीड्समध्ये आले. शाळेतल्या बाईंना करुणा म्हणता येईना, त्यांनी कॅरन केलं आणि मी होऊ दिलं. १९७८ साली आम्ही तिघांनी बँड काढला, तेव्हाही मी कॅरनच राहिले. कॉलिन गायचा आणि गिटार वाजवायचा, ट्रेव्हर ड्रमवर आणि मी बेस गिटारवर. नाव ठेवलं 'मीटर रीडर्स', लाइटीचं मीटर बघायला येणाऱ्यांचं. कॉलिनच्या मते घराघरांत घुसून खरं काय ते वाचून येणारी माणसं आम्हीच. दोन छोट्या रेकॉर्डी निघाल्या होत्या. त्यातली एक रेडिओवर चार वेळा लागली होती आणि एका मासिकात 'थंड, टोकदार, रागीट' असं आमच्याबद्दल छापून आलं होतं. कॉलिन ते कात्रण पाकिटात घेऊन हिंडायचा. आता पहिली मोठी रेकॉर्ड होत होती. आठ गाणी झाली होती. शेवटचं आज पुरं करायचं होतं आणि पाच वाजता कंपनीचा माणूस टेप न्यायला येणार होता. १९८० सालचा ऑक्टोबर. मी एकवीस वर्षांची होते.

(ही सगळी मंडळी अर्थात इंग्रजीत बोलत होती. मी सांगतेय माझ्या मराठीत.)

"हे कुठून आणलं?" मी विचारलं.

"तुझ्या टेपरेकॉर्डरमधून. गुरुवारी दिलास ना, चाल ऐकायला? आत कॅसेट होती. आमची तालीम संपते आणि पुढं ही बाई! ते मोठ्या फितीवर उतरवून घेतलं. तुझ्या वरच्या खोलीतली भाडेकरू आहे ना ही? ती नर्स? मी फोनवरून आवाज ओळखला."

मी पुड्या खाली ठेवल्या. हात भाजले होते ते तेव्हा कळलं.

आता इथं मला माझं पाप सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. बँडमधल्या पोरांना मी सांगितलं होतं की घर मामाचं आहे, मामा भारतात असतो आणि मी एकटी राहते. कारण आमच्या त्या जगात आईबापाजवळ राहणं म्हणजे हसं होतं. दुसऱ्या एका बँडच्या पोराला त्याची आई गाडीतून सोडायला आली होती, तर कॉलिननं वर्षभर त्याची टर उडवली. दोन वर्षं माझं खोटं खपलं, कारण तालमी ट्रेव्हरच्या बापाच्या गॅरेजमध्ये होत. मग सप्टेंबरात एका गुरुवारी ही दोघं माझा अँप्लिफायर न्यायला घरी आली. दार आईनं उघडलं. अंगात नर्सचा गणवेश, वर तपकिरी स्वेटर, केसांना तेल. "कम, कम," म्हणाली आणि कशालातरी घाईनं वर गेली. कॉलिननं विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, "भाडेकरू. वरच्या खोलीत राहते."

लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. तेलाची लाज, स्वेटरची लाज आणि त्या "कम, कम"ची लाज. जिनं मला एकटीनं वाढवलं, लोकांची उष्टी-खरकटी, घाण-पाणी काढून ज्या बाईनं मला तो बेस घेऊन दिला, तिची. वरचं दार लागल्याचा आवाज मी ऐकला होता. आईनं काही ऐकलं नसणार, असं मी पाच आठवडे स्वतःला बजावत होते.

आणि आता दोन स्पीकरांतून ती मला सांगत होती की ऐकलं होतं.

"काय म्हणतेय ती?" ट्रेव्हरनं विचारलं.

"लोणच्याची कृती सांगतेय."

"मग हसतेय कशाला?"

"मीठ जास्त पडलं."

कॉलिन टाळ्या पिटायला लागला. "लोणचं! यापेक्षा भारी काही असूच शकत नाही!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बंद कर ते," मी म्हटलं. हॉबडेनं मुकाट्यानं बटण दाबलं. हॉबडे साठीचा, कधीकाळी रेडिओत कामाला होता. दिवसभर चहा पीत आमची रेकॉर्डिंग करायचा आणि संगीताबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

"ते पत्र आहे, कॉलिन. ती बाई तिच्या बहिणीला कॅसेटवर बोलून पाठवते. लिहायला वेळ होत नाही तिला. तिकडं बहीण ऐकते आणि त्याच कॅसेटवर बोलून परत पाठवते. दुसऱ्याचं पत्र फोडून तू त्याचे तुकडे केलेस."

"आवाज कुणाच्या मालकीचा नसतो," कॉलिन म्हणाला. हे असलं तो रोज म्हणायचा आणि मी रोज मान डोलवायची.

"मग प्रत्येक गाण्याखाली तुझं एकट्याचं नाव कसं येतं रे?"

"विषय बदलू नकोस."

"तोच विषय आहे! शेजारच्या कारखान्याचा भोंगा घेतलास, बसस्टॉपवरचा म्हातारा घेतलास, मी बसवलेल्या चाली घेतल्यास. तू मीटर बघायला येतोस आणि जाताना कपबशा घेऊन जातोस."

ट्रेव्हर फसकन हसला आणि कॉलिननं बघितल्यावर गप्प झाला.

"तुला एवढं काय झोंबलंय?" कॉलिन म्हणाला. "तुझी भाडेकरू आहे, तुझी आई नाही."

माझ्याजवळ एकच हत्यार होतं आणि ते मी स्वतःच पाच आठवड्यांपूर्वी बोथट करून ठेवलं होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला, "तिलाच विचारू. वर दुकानात फोन आहे. ती हो म्हणाली तर ठेवायचं. न्याय झाला?"

"नको!"

"का नको? आता परवानगीच पाहिजे होती ना तुला?" आणि तो दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेलासुद्धा.

मागे धावावं असं मनात आलं. धावून काय सांगणार होते? मी तिथंच स्टुलावर बसले. माझ्या रागाला कुठं जायचं ते कळत नव्हतं. कॉलिनचा आला, ट्रेव्हरचा आला, त्या दुधाच्या बाटलीचासुद्धा आला.

हॉबडे वाकला. त्याच्या पायाशी कापलेल्या फितीचा पुंजका पडला होता. दोन बोटांनी त्यानं तो उचलला आणि शांतपणे एका रिकाम्या चाकावर गुंडाळायला लागला.

"त्यानं हसण्यापाशी कापली," तो म्हणाला. "पुढचं म्हणे बिघडलं होतं, ठेका मोडत होता. हे पुढचं आहे. तू ऐकावंस असं मला वाटतं."

"तुला काय माहीत त्यात काय आहे ते?"

"भाषा कळत नाही मला. पण तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही, आवाजच ऐकलेत." त्यानं फीत दुसऱ्या मशीनवर चढवली आणि हेडफोन माझ्या हातात दिले.

आई आधी नुसती श्वास घेत होती. हसून दम लागल्यासारखी. मग नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली:

"विमल, नानकटाई केली होती गं. नाताळ नाही, काही नाही, म्हटलं पहिल्यांदा तिची दोस्तमंडळी घरी यायलीत. ताट झाकून वरच ठेवलं होतं, तेच आणायला गेले. जिन्यात आले आणि ऐकलं. मग खाली काय जायचं? ताट घेऊन तशीच परत फिरले. दार लावून खाटेवर बसले आणि मीच खाल्ली. सात खाल्ल्या. वाया कशी घालवायची."

खाट करकरल्याचा आवाज आला.

"पोरगी वाईट नाही. वाजवते लई चांगलं. ते मोठ्या तारांचं असतं ना, त्याचा आवाज भिंतीतनं येतो. मी भिंतीला पाठ लावून बसते, पाठीत वाजतं. जाऊ दे. तिचं तिकडं नाव होतंय, त्यात आपलं तोंड कशाला मध्ये? हे पुसते मी. तुला दुसरं भरून पाठवते."

आणि कट्‌. आई दिवसभर वॉर्डात औषधांच्या वेळा मिनिटामिनिटाला सांभाळायची, पण यंत्रांशी तिचं कधी जमलं नाही. पुसायचं म्हणून तिनं काहीतरी दाबलं असणार आणि पुसलं गेलं नव्हतं.

मी हेडफोन काढले. हॉबडे माझ्याकडे बघत नव्हता. पायऱ्यांवर कॉलिनची पावलं वाजली.

"हो म्हणाली!" तो दारातूनच ओरडला. "अरे, काय गोड बाई आहे! म्हणाली, वापरा, माझी काही हरकत नाही. फक्त एक अट घातली. म्हणाली," आणि तो आईच्या इंग्रजीची नक्कल करायला लागला, मान हलवत, "'प्लीज आस्क द लँडलेडी.' घरमालकिणीला विचारा! म्हणजे तुला!"

तो हसला. ट्रेव्हरही हसला. घरी इस्त्री बाजूला ठेवून, फोनपाशी उभी राहून आई माझं खोटं माझ्यासाठी सांभाळत होती, आणि इथं तिच्या त्या वाक्यावर ही दोघं हसत होती.

"ती माझी आई आहे," मी म्हटलं.

"काय?"

"आई! माझी आई! मामा नाही, भाडेकरू नाही. ते घर तिचं आहे. त्याचे हप्ते ती भरते, हा बेस तिनं घेतलाय. तू आता जिची नक्कल केलीस ती माझी आई आहे!"

मग ट्रेव्हर खालमानेनं म्हणाला, "मला वाटलंच होतं. नाक सारखं आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणालीस भाडेकरू. तुझं घर, तुझी मर्जी."

कॉलिनच्या चेहऱ्यावर काय-काय येऊन गेलं ते मी बघत होते. आधी धक्का आला, मग राग, "दोन वर्षं तू आमच्याशी खोटं बोललीस?" आणि मग मला तो उजेड दिसला. त्याला नवी कल्पना सुचली की डोळ्यांत यायचा तोच.

"पण थांब. आई. स्वतःच्या आईला भाडेकरू! कॅरन, हे तर लोणच्याच्या शंभरपट भारी आहे! हे आपण वापरायलाच पाहिजे. ती खरं काय म्हणतेय ते रेकॉर्डच्या आतल्या कागदावर छापू. आणि परवानगी आता तूच देऊ शकतेस, घरचीच आहेस!"

मला आजही शपथेवर सांगता येईल की त्याला यात काही वाईट दिसत नव्हतं. म्हणून तर चीड आली. चोरानं निदान चोरासारखं लाजावं! पण लाजायला त्याला शिकवणार कोण? पाच आठवडे मी तरी कुठं लाजले होते?

फिती कापायचं ब्लेड हॉबडेच्या टेबलावर होतं. मी ते उचललं, बाटलीभोवतीचं कडं मुठीत धरलं आणि कापलं. दुसऱ्या मशीनवरची फीत ओढून काढली. टेपरेकॉर्डर उघडून कॅसेट खिशात घातली. कॉलिन पुढं झाला तेव्हा माझ्या हातात ब्लेड होतं हे मला आठवत नव्हतं, त्याला मात्र दिसत होतं.

"पाचला माणूस येणार आहे!" तो म्हणाला. "तू आत्ता गेलीस तर परत येऊ नकोस."

"माझं नाव करुणा आहे," मी म्हटलं. बेस पेटीत टाकला आणि वर आले. चिप्स तशाच राहिल्या.

घरी पोचले तेव्हा आई इस्त्रीच करत होती. मी टेबलावर कॅसेट ठेवली आणि बाजूला फितींचा गुंता. तिनं एकदा तिकडं पाहिलं आणि कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिली.

"पुसलं नव्हतं वाटतं," ती म्हणाली.

"नाही."

"ऐकलंस?"

"हो. सगळं."

"हं."

"आई, मी त्यांना सांगितलं. खरं काय ते. आणि सोडून आले."

"काय सोडलंस?"

"बँड. रेकॉर्ड. सगळंच. आता नाही जाणार."

वाटेत बसमध्ये मी हे वाक्य घोकत आले होते. ते ऐकून आई रडेल, मग मी रडेन, ती मला जवळ घेईल. आईनं इस्त्री उभी केली. तिला इतकं संतापलेलं मी ना आधी पाहिलं होतं, ना नंतर कधी.

"येडी का काय तू?" ती म्हणाली. "सोडून आलीस? कशापायी?"

"तुझ्यासाठी!"

"मी सांगितलं होतं? त्या पोराचा फोन आला, मी हो म्हणाले, ते काय मला हौस होती? तुझं काम अडायला नको म्हणून म्हणाले. बोटांना फोड येईस्तोवर वाजवलंस दोन वर्षं, आणि आज शेवटच्या दिवशी फेकून आलीस? पाच आठवडे या घरात मी भाडेकरूसारखी जिना चढले-उतरले. त्याचा फोन आला की 'कॅरन इज आउट' म्हणाले. ते कशासाठी होतं? आता ते पण फुकट गेलं!"

"पण आई, त्यांनी तुला न विचारता—"

"आणि तू?" तिनं टेबलावर हात आपटला. "तू विचारलंस? भाडेकरू केलंस तेव्हा मला विचारलं नाहीस. आज चारचौघांत पुन्हा आई केलंस, तेव्हा तरी विचारलंस का?"

गणवेशाची बाही जळल्याचा वास आला. इस्त्री कलंडली होती. आईनं ती उचलली, बाहीवरचा तपकिरी डाग पाहिला आणि एकदम खाली बसली. मग आम्ही दोघी त्या डागाकडे बघत बसलो. जवळबिवळ कुणी कुणाला घेतलं नाही.

त्यांनी दुसरा बेसवाला शोधला आणि रेकॉर्ड पुरी केली. आणखी दोन काढल्या, मग आपापसात भांडून संपले. मी पुढं शाळेत संगीत शिकवलं. पहिल्याच दिवशी हजेरीपटावर करुणा लिहिलं आणि ज्याला म्हणता येईना त्याच्याकडून दहादा म्हणवून घेतलं.

दोन हजार अठरा साली त्या सगळ्या रेकॉर्डी एका जाड पेटीत घालून पुन्हा निघाल्या. कंपनीतल्या एका पोरीचा फोन आला होता, कापलेली फीत अजून आहे का विचारायला. नाही म्हटलं. ती आईच्या शिवणाच्या डब्यात रिळांखाली आहे, पण ते तिला कशाला सांगू? पेटी मात्र त्यांनी पाठवली. आत पुस्तिका होती. तिच्यात आम्हा तिघांचा फोटो होता आणि खाली माझ्याबद्दल एकच ओळ: 'बेस: कॅरन. संगीतविषयक मतभेदांमुळे बँड सोडला.' ते वाचून माझ्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. अडतीस वर्षांनीसुद्धा!

आई तेव्हा चौऱ्याऐंशीची होती. भिंग घेऊन तिनं पुस्तिका अख्खी वाचली. पहिली छोटी रेकॉर्ड मला लावायला सांगितली आणि बेस सुरू झाल्यावर खुर्ची मागं सरकवून पाठ भिंतीला टेकवली. गाणं संपल्यावर त्या ओळीवर बोट ठेवून तिनं मला विचारलं,

"ही कॅरन कोण गं?"

मी तिच्याकडे पाहिलं. चेहरा अगदी साधा होता.

"होती एक," मी म्हटलं. "आपल्याकडे राहायची."

"वाजवायची बरी," आई म्हणाली आणि पुस्तिका मिटली. "भाडं मात्र कधी दिलं नाही तिनं."